थोरली, धाकटी आणि मधलं दार

आमच्या गल्लीतलं भांडण पोलिसांकडे जाण्याआधी मिटवाकडे जायचं. मिटवा म्हणजे तळमजल्यावर सोफे दुरुस्त करणारा. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीसमोर कायम एखादी उलटी खुर्ची टांगलेली, त्यामुळे ते कोणी वाचलेलं नव्हतं. तोंडात चार खिळे धरून तो समोरच्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकायचा, मग एकेक खिळा काढून ठोकायचा आणि शेवटचा खिळा निघाला की म्हणायचा, "बरं, मिटवा आता." म्हणून मिटवा. त्याच्या बायकोलाही आम्ही मिटवावहिनीच म्हणायचो. ती चिडायची नाही. लग्नात मिळालेल्या नावापेक्षा हे बरं, म्हणायची.

दुकानात एक सोफा होता, तो त्याने मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. मधल्या स्प्रिंगा बसलेल्या. दोन टोकांना दोन माणसं बसवली की दोघंही हळूहळू घसरत मधे यायची आणि खांद्याला खांदा टेकायचा. मिटवाचा सगळा न्याय त्या सोफ्यावर चालायचा. अंगाला अंग लागलं की अर्धा राग उतरतो, असं त्याचं शास्त्र. उरलेला अर्धा तो निरोपांनी उतरवायचा. थोरला भाऊ म्हणाला, "तो नालायक आहे, पण आईचं त्यानेच केलं," की धाकट्यापर्यंत फक्त "आईचं त्यानेच केलं" एवढंच पोचायचं. नालायक कुठे जायचा देव जाणे. बहुधा गादीच्या आत भरला जात असावा.

त्याला मूल नव्हतं. दोन कुत्र्या होत्या, मायलेकी. आईला सगळे थोरली म्हणत, लेकीला धाकटी. थोरली वहिनीच्या मागे शेपटासारखी. धाकटी दुकानात, मिटवाच्या पायाशी, भुशात आणि कापसात लोळणारी. ती जन्मलीच मुळी एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. गिऱ्हाइकाला सांगितलं, कापड मागवलंय, अजून यायचंय. ते कापड पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत आलं नाही.

मग एकदा कोणीतरी दुकानाचं दार उघडं टाकलं, धाकटी गल्लीत फिरून आली आणि यथावकाश मागच्या खोलीत पाच पिल्लांची आई झाली. बापाचा पत्ता लागला नाही. मिटवाने गल्लीभर बिस्किटं वाटली आणि "आजोबा झालो" म्हणून हात जोडत फिरला.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी थोरली सहज पिल्लांच्या टोपलीकडे गेली आणि धाकटीने तिचा कान फाडला. आयुष्यभर ज्या आईच्या पोटाला टेकून ती झोपली, तिचा. वहिनीने पाण्याची बादली ओतून दोघींना सोडवलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. पिल्लं मोठी होऊन घराबाहेर पडेपर्यंत दोघी वेगळ्या, म्हणाल्या. नजरानजरसुद्धा नको. खाणं वेगळं, फिरणं वेगळं. दोघींच्या मधे नेहमी एक बंद दार, आणि चुकून जुंपलीच तर हात घालायचा नाही, मधे फळी सरकवायची. मिटवाने लगेच फळी केली. प्लायवूड कापलं, मूठ बसवली आणि हाताला लागायला नको म्हणून तिला फोम लावून वर तपकिरी रेक्झिनही चढवलं, कडेने पितळी खिळ्यांची ओळ. भांडण सोडवायची इतकी देखणी फळी जगात दुसरी नसेल.

पण घर चालवलं ते वहिनीने. तिचा नियम असा की कोणतंही दार उघडण्याआधी ओरडायचं, "कोण बाहेर?" आतून "थोरली" किंवा "धाकटी" असं उत्तर आलं तरच कडीला हात लावायचा. उत्तर नाही तर उभं राहायचं. नवरा-बायको दिवसभर एकमेकांना हेच विचारत. पोस्टमनही पत्र टाकताना "कोण बाहेर?" म्हणायला लागला. मीटर वाचायला आलेला माणूस एकदा बिचारा उत्तराची वाट बघत पायरीवरच बसून राहिला. आम्ही सगळे हसायचो. वहिनी हसायची नाही. कडी लागली की ती एकदा दार ओढून बघायची आणि मगच वळायची.

मिटवाचा जीव मात्र गुदमरत होता. बंद दाराचा त्याला तिटकारा. त्यातून थोरली मधल्या दाराशी बसून रडायची. बारीक, एकसारखं, तेल नसलेल्या चाकासारखं. तिची आचळं भरून आली होती, आणि फोमची एक गुंडाळी कोपऱ्यात नेऊन ती तिला चाटत बसायची. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं होतं. कुत्र्यांमध्ये होतं असं, पोटात काही नसताना शरीराला वाटतं आपल्यालाच झालीत. "ती नातवंडं बघायला रडत नाहीये, काका. तिला ती स्वतःची वाटतायत. म्हणून जास्त जपायचं."

मिटवाने यातलंही नेहमीसारखं गोड तेवढं घेतलं. तिला ती स्वतःची वाटतायत. मग अडलंय कुठे?

वहिनी दात काढायला गेली त्या दुपारी त्याने मधलं दार उघडलं. थोरलीचा पट्टा हातात धरून, हळू, नवी सून दाखवायला नेतात तसं तिला आत नेलं. फळी दुकानाच्या बाजूला भिंतीला टेकवलेली राहिली. तो म्हणतो, सुरुवातीला छान होतं. धाकटीने मान वर केली, शेपटीचं टोक हलवलं. तो म्हणाला, "बघ, आजी आलीय." थोरलीने खाली वाकून एक पिल्लू तोंडात उचललं. अगदी अलगद, दात न लावता, आपलंच उचलावं तसं. आणि ते घेऊन आपल्या फोमच्या गुंडाळीकडे जायला वळली.

पुढचं सगळं आवाज न होता झालं. भुंकणाऱ्या भांडणात निम्मी दमदाटी असते. या भांडणात ती नव्हती. धाकटीने आईचा गळा धरला आणि सोडला नाही. पिल्लू मधे. मिटवाने तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. दोघींच्या मधे हात घातला.

वहिनी परत आली तेव्हा दार सताड उघडं होतं. तोंडात कापसाचा बोळा, ओरडताही येत नव्हतं. तिने फळी उचलली, दोघींच्या मधे कोंबली, सगळं वजन टाकून धाकटीला खोलीत ढकललं आणि कडी लावली. मग दार ओढून बघितलं.

पिल्लू गेलं होतं. थोरलीच्या गळ्याला टाके पडले, एक पुढचा पाय अधू झाला. मिटवाच्या उजव्या हाताची शीर तुटली. मधली दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. त्याला नेमकं कोण चावलं, हे तो कुणालाच सांगत नाही. चूक माझी, एवढंच म्हणतो. वहिनीने दोष दिला नाही. तोंडातला कापूस निघाल्यावरही ती बरेच दिवस "कोण बाहेर?" याखेरीज त्याच्याशी काही बोलली नाही.

उरलेली चार पिल्लं दारांआड वाढली, एकेक करून चांगल्या घरी गेली. दोघी कुत्र्यांची ऑपरेशनं झाली. मग डॉक्टरीणबाईंनी बेताबेताने सुरुवात केली. रस्त्याच्या दोन कडांनी दोघींना फिरवायचं, वहिनीकडे एक, मिटवाकडे एक. रस्त्यावर जमायचंही. गल्लीला वाटलं, झालं. पण घरात जाळीच्या दारापलीकडे आई दिसली की धाकटी काठीसारखी ताठ व्हायची आणि एकटक बघत राहायची. आणि थोरली उभ्या जागी मुतायची.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं, जन्मभर दारं, नाहीतर एकीला दुसरं घर.

"कधीच नाही का मिटणार?" मिटवाने विचारलं.

"त्यांच्या बाजूने मिटलंय काका. एका घरात दोघी नाहीत, एवढं त्यांचं ठरलंय. तुम्हीच अजून सोडत नाही. एक दिवस तुमच्यातलं कुणीतरी कडी विसरेल, आणि त्या दिवशी एक मरेल."

वहिनी म्हणाली, मी नाही विसरणार. आणि तिचं खरं होतं. ती मरेपर्यंत विसरली नसती. पण थोरली पाणी पिताना दर घोटाला मान वळवून मागे बघायची, ते मिटवाने बघितलं होतं. तेही स्वतःच्या घरात, बंद दारामागे. लंगड्या म्हातारीला कोण नेणार? न्यायची तर धाकटीच. त्याची धाकटी.

"अहो, तुम्ही बोलताय हे?" वहिनी म्हणाली. "सगळ्या गल्लीला एकत्र बांधून ठेवलंत."

"बांधलं ना," मिटवा म्हणाला. "कोण सुखाने बसलंय, ते कुठे बघायला गेलो."

पलीकडच्या रस्त्यावर रोपं विकणाऱ्या एक बाई आहेत. एकट्या, मागे भिंत घातलेलं मोठं आवार, राखणीला कुत्रं हवं होतं. मिटवा धाकटीला घेऊन गेला. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ती कुंड्यांमधून हुंगत फिरली, सगळं जुळत होतं. जाता जाता बाईंनी विचारलं, "भांडखोर नाही ना हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. खरंतर जन्मभर त्याने असंच केलं होतं.

"आईला मारत होती ही," तो म्हणाला. "आईच्या तोंडात हिचं पिल्लू होतं, मी दार उघडलं म्हणून. पिल्लू गेलं. माणसावर कधी गुरगुरली नाही. पण दुसरी कुत्री हिच्याजवळ आणू नका. कधीच. दोन दिवसांसाठीसुद्धा नाही. आणि कोणी म्हणालं, सवय होईल, तर ऐकू नका."

बाईंनी त्याच्या हाताकडे बघितलं, त्या न मिटणाऱ्या बोटांकडे. "हे हिचंच का?"

"मधे घातला होता," मिटवा म्हणाला.

बाईंनी बराच विचार केला. घरात नाहीतरी मी एकटीच, म्हणाल्या. आणि पट्टा घेण्यासाठी हात पुढे केला.

धाकटी त्यांच्यामागे चटकन गेली. नव्या जागेचे वास होते, तिला फुरसत नव्हती.

घरी आता मधलं दार उघडंच असतं. थोरली पाणी एका दमात पिते. मिटवा डाव्या हाताने खिळे ठोकायला शिकतोय, अंगठा सुजलेला असतो. त्याला वाकडी सुई आणि दोरा मिळतो तो रोपवाल्या बाईंच्या पलीकडच्या दुकानात. फाटकातून धाकटीला दिसलो तर ती ओढ घेईल, मग बाईंना आवरणार नाही, असं तो वहिनीला एकदाच म्हणाला होता. म्हणून तो मागच्या रस्त्याने, बाजाराला वळसा घालून जातो. कोणी विचारलं, एवढ्या लांबून का, तर सांगतो, पुढचा रस्ता खोदून ठेवलाय.

आम्ही रोज त्या रस्त्याने जातो. तो कुठेही खोदलेला नाही.