पट्टा सैल होता

माझ्या नवऱ्याची वाचा गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात आणि पाय लुळा पडला. पायात हळूहळू थोडं बळ आलं, काठी घेऊन ते घरातल्या घरात चालायला लागले. बोलणं मात्र परतलं नाही. आयुष्यभराच्या सगळ्या शब्दांमधून त्यांच्यापाशी दोनच उरले: ‘असू दे.’ भूक लागली तरी असू दे, नको असलं तरी असू दे, मुलाचा बंगळूरहून फोन आला की त्यालाही असू दे. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, की त्यांना सगळं ऐकू येतं, कळतं, बोलायचं ते मनात तयारही असतं. पण तोंडापर्यंत येताना वाट चुकतं आणि हेच बाहेर पडतं. मी मान डोलावली होती. खरं सांगायचं, तर मला त्यातलं फारसं काही पटलेलं नव्हतं.

मी सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर काढली. त्यामुळे असेल, मी त्यांच्याशी एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले. “आता... आपण... जेवायचं हं.” ते माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. हा माणूस डोंबिवलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होता. चालत्या मशिनशेजारी नुसतं उभं राहून कुठलं बेअरिंग जाणार आहे ते सांगायचे, असं त्यांच्या निरोप समारंभात त्यांचे साहेब म्हणाले होते. पहिल्या रांगेत बसून मीच टाळ्या वाजवल्या होत्या.

वाचा-उपचाराचं क्लिनिक घोडबंदर रोडला होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं. माझ्याकडे लायसन्स होतं, पण इतकी वर्षं गाडी तेच चालवायचे. ते आजारी पडल्यावर पाच महिने गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली तशीच उभी होती. मग मी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याकडून पुन्हा दहा दिवस शिकून घेतलं आणि भीत भीत गाडी बाहेर काढली. शिळफाटा, मुंब्रा बायपास, ठाणे, मग घोडबंदर. दोन्ही बाजूंनी ट्रक जायला लागले की मी देवाचं नाव घेत स्टिअरिंग घट्ट धरायची. ते शेजारच्या सीटवर ताठ बसून असायचे.

मार्चमध्ये उकाडा वाढला आणि गाडी ओरडायला लागली. सकाळी सुरू केली की बॉनेटमधून चीं... असा कानात घुसणारा आवाज यायचा. आधी दोन मिनिटांत थांबायचा. मग रस्त्यातही यायला लागला. सिग्नलवर लोक वळून बघायचे. मी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं कसलासा स्प्रे मारला, आवाज गेला, आणि चौथ्या दिवशी परत आला. दुसऱ्यांदा नेली तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, एसीचा कॉम्प्रेसर गेलाय. खोलावा लागेल. आठ दिवस गाडी ठेवून जा.” आठ दिवस म्हणजे दोन-तीन वेळचे उपचार बुडणार. मी गाडी तशीच घरी आणली.

त्याच सुमारास त्यांचं वागणं बिघडलं. गाडीत बसलं की ते अस्वस्थ व्हायचे. डॅशबोर्डवर डाव्या हातानं थापा मारायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, “असू दे! असू दे!” मी म्हणायची, “हो हो, असू दे. आलंच हं क्लिनिक आता.” मग ते आणखी चिडायचे. झटक्यानंतर स्वभाव तापट होतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. मुलाला फोनवर तसं सांगितलंही. तो म्हणाला, “आई, डॉक्टरांना विचार, एखादी गोळी देतील.”

एका मंगळवारी, बायपासच्या उतारावर, दोन कंटेनरच्या मध्ये असताना त्यांनी अंग वळवून डावा हात माझ्या बाजूला आणला आणि मधल्या बटणांकडे नेला. मला वाटलं गिअरला हात घालतायत. मी त्यांच्या हातावर फटका मारला. जोरात मारला. “गप्प बसा! मारायचंय का दोघांना?”

त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. क्लिनिक येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी नाव घेऊन मागितलेलं एकही चित्र उचललं नाही, तोंड उघडलं नाही. उपचार करणारी मुलगी वयानं लहान, पण समजूतदार. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “काकू, घरी काही झालं का?”

“नाही गं, काही नाही,” मी म्हणाले.

शुक्रवारी माजिवड्याच्या पुढे गाडी अडकली. मेट्रोच्या खांबांपासून पुढे सगळं ठप्प. वीस मिनिटं एका जागी. आवाज चालूच होता आणि माझं डोकं ठणकत होतं. त्यांनी पुन्हा हात पुढे केला. या वेळी आधी माझ्याकडे बघितलं. मी अडवलं नाही, अंगात त्राणच नव्हतं. त्यांनी हळूच एसीचं बटण दाबलं. एसी बंद झाला आणि आवाजही थांबला.

त्यांनी एक बोट वर केलं. थांब. पुन्हा बटण दाबलं. चीं... पुन्हा दाबलं. शांत. तीनदा केलं. शिकवताना मी फळ्यावर तेच तेच तीनदा लिहायची, अगदी तसं.

“एसीमुळे होतंय?” मी विचारलं. गॅरेजवाला बरोबर होता तर.

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. मग गाडीचे दिवे लावायची खूण केली. मी लावले. पंखा पूर्ण सोडायला लावला. एसी बंद असूनही बारीक चिरका आवाज आला. आता त्यांनी डाव्या हाताची मूठ हवेत गोल फिरवली आणि लगेच बोटं ढिली करून खाली लोंबू दिली. माझ्याकडे बघत राहिले.

“सैल आहे? काहीतरी फिरणारं सैल आहे... पट्टा? इंजिनचा पट्टा?”

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. “असू दे,” ते अगदी हळू म्हणाले.

महिनाभर ते मला हेच सांगत होते. पुढची रांग सुटली होती, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मला पहिला गिअर सापडत नव्हता.

रविवारी सकाळी मी माळ्यावरून त्यांची अवजारांची लोखंडी पेटी काढली. प्लॅस्टिकची खुर्ची लिफ्टनं खाली नेली आणि त्यांना गाडीच्या पुढ्यात बसवलं. मुलाला सांगितलं नाही. त्यानं नको म्हटलं असतं.

बॉनेट उघडलं. त्यांनी आधी माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं, मग बांगड्यांकडे. दोन्ही काढून ठेवल्या. मग गाडी सुरू करायला लावली, एसी लावायला लावला, मान कलती करून ऐकलं आणि बंद करायची खूण केली. नंतर तळहात पुढे केला. मला कळेना. त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकली. मी आत हात घातलेला असताना गाडी चुकूनही सुरू होऊ नये म्हणून. नंतर त्या दिवसभर प्रत्येक वेळी किल्ली त्यांच्याकडे मागावी लागली आणि काम झालं की परत द्यावी लागली.

इंजिनच्या बाजूला तीन चाकं होती आणि त्यांच्यावरून एक काळा, आतून पन्हाळी असलेला पट्टा गेला होता. इंजिनचं चाक फिरलं की हा पट्टा बाकीच्या दोघांना फिरवतो, एक एसीचं आणि एक दिव्यांना-पंख्याला वीज देणाऱ्या डायनामोचं. अल्टरनेटरला ते कायम डायनामोच म्हणायचे, म्हणून माझ्याही तोंडात तेच आहे. त्यांनी अंगठ्यानं दाबून दाखवल्यासारखं केलं. मी पट्ट्याच्या मधोमध दाबलं तर तो दोन बोटं खाली गेला. त्यांनी अंगठा आणि तर्जनीमध्ये जेमतेम एका बोटाची फट दाखवली. एवढाच जायला हवा.

पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. खुणेनं पाण्याची बाटली मागितली. गाडी सुरू करायला लावून, लांबूनच पट्ट्याच्या आतल्या अंगावर चार थेंब टाकायला सांगितले. आवाज थांबेल अशी माझी कल्पना. तो वाढला. त्यांनी मान डोलावली. मी नंतर मोबाइलवर शोधून वाचलं: पाण्यानं क्षणभर आवाज थांबला तर चाकं एका रेषेत नाहीत किंवा पट्ट्याचं अंग बिघडलंय, आणि वाढला तर पट्टा सैल आहे. त्यांना हे वाचायची गरज नव्हती.

मग टॉर्च. पट्टा थोडा पिळून आतली बाजू बघायला लावली. पन्हाळ्या काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या आणि त्यांवर आडव्या बारीक भेगा होत्या. पट्टा जुनाच होता, त्यात पाच महिने एका जागी ताणून बसलेला. त्यांनी हात झटकला. नुसता ताणून चालणार नाही, नवा घाल.

पट्टा काढायच्या आधी त्यांनी कागद मागितला. वही मांडीवर धरून डाव्या हातानं तीन वेडीवाकडी वर्तुळं काढली आणि त्यांच्याभोवती पट्ट्याची वाट. क्लिनिकमधल्या मुलीनं कितीदा सांगूनही त्यांनी साधं घर काढलं नव्हतं. मी तो कागद बघत उभी राहिले, तर त्यांनी वहीवर बोट आपटलं. कामाला लाग.

डायनामोचा नट हलेना. मी पाना लावून दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला. ते काठी टेकत उठले. मी म्हणाले, “अहो, पडाल!” ते आले, कमरेनं गाडीला टेकले आणि माझ्या हातांवर आपला डावा हात ठेवला. ओढायचा नव्हता, उलट्या दिशेनं दाबायचा होता. मी इतका वेळ नट घट्टच करत होते. दोघांनी मिळून दाबला आणि तो कट् आवाज करून सुटला.

जुना पट्टा पिशवीत घालून मी रिक्षानं कल्याणला गेले. रविवारी उघडं असलेलं स्पेअर पार्टचं एक दुकान सापडलं. दुकानदारानं पट्ट्यावरचा पुसट नंबर उजेडात धरून वाचला, नवा काढून जुन्याला लावून मोजला.

“ताई, गॅरेजवाल्याला पाठवायचं ना.”

“मीच बसवणार आहे.”

त्यानं माझ्या काळ्या नखांकडे बघितलं. “मग सगळ्या पन्हाळ्या नीट खाचेत बसल्यात का ते हात फिरवून बघा. एक जरी बाहेर राहिली तर पट्टा तुटेल.”

परत आले तेव्हा ते ऊन चुकवून, खुर्ची आपली आपण सरकवून बसले होते. वॉचमननं चहा दिला होता. कागदावर बघून मी पट्टा चढवला. एका दांड्यानं डायनामो बाहेर ढकलून धरला आणि नट आवळला. पुन्हा सैल पडू नये म्हणून चांगला करकचून ताणला. गाडी सुरू केली. ओरडणं गेलं होतं. मी आनंदानं त्यांच्याकडे बघितलं, तर ते मान हलवत होते. मी नीट कान दिला तेव्हा कुठे मला एक बारीक गुणगुण ऐकू आली. किल्ली परत त्यांच्या खिशात. त्यांनी चिमटीत काहीतरी धरून पाव वळसा पिळून दाखवला. माझा पट्टा तेवढाही वळेना. इतका ताणला तर डायनामोचं बेअरिंग जाईल, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. नट पुन्हा ढिला केला, थोडं सोडलं, आवळला, पिळून बघितलं. असं चार वेळा झालं तेव्हा त्यांनी अंगठा वर केला.

एसी लावला, दिवे लावले, पंखा सोडला. इंजिन नुसतं एकसारखं चालत राहिलं. ते मडगार्डवर हात ठेवून उभे होते.

मी किल्ली काढली आणि तिथंच म्हणाले, “त्या दिवशी मी तुम्हाला मारलं. तुम्ही सांगत होतात आणि मी मारलं.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझा हात हातात घेऊन एकेक बोट पुसायला लागले. ग्रीस पसरत गेलं, निघालं काही नाही. “असू दे,” ते म्हणाले. आजवर ज्याला अर्थ नव्हता, त्याला या वेळी होता की नाही, मी आजही सांगू शकत नाही.

मंगळवारी मी क्लिनिकमधल्या मुलीला सगळं सांगितलं, फटक्यासकट. ती मग म्हणाली, “काकू, पुढच्या वेळी ती पेटी घेऊन या.”

आंबा, कप, कंगवा यांच्या चित्रांत ते नेहमी चुकायचे. तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरून पाच अवजारं मांडली आणि मी पान्यांवरचे आकडे वाचून सांगितलेली नावं एकेक करून उच्चारली. “काका, पक्कड द्या.” त्यांनी दिली. “चौदाचा पाना.” दिला. बाराचा आणि चौदाचा पाना मला आकडा वाचल्याशिवाय, शेजारी ठेवूनही, ओळखता येत नाही. पाचही बरोबर आली. मग तिनं पाना हातात धरून विचारलं, “हे काय आहे?” त्यांनी ओठ मिटले. कपाळावर शीर उभी राहिली. ओठांमागे हवा साठली, गाल किंचित फुगले, आणि ओठ उघडले तर बाहेर आलं, “असू दे.”

त्यांनी पाना टेबलावर ठेवून दिला. ती म्हणाली, “काका, पण ओठ ‘प’लाच मिटले होते. मी बघितलं.”

परतताना बायपासला नेहमीसारखी ट्रकची रांग होती. मी एसी लावला. थोड्या वेळानं शेजारी बघितलं, तर त्यांची मान एका बाजूला कलली होती. मी घाबरून गाडी कडेला घेणार होते, मग छातीचा भाता वर-खाली होताना दिसला. ते झोपले होते. मी गाडी चालवायला लागल्यापासून ते कधी झोपले नव्हते. शिळफाट्याला एका टेम्पोनं अचानक ब्रेक मारला, मीही मारला, तरी त्यांना जाग आली नाही.