दुसऱ्या बाजूचं लॉक

बातमी आली तेव्हा मी एसटीत होतो. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली होती. ड्रायव्हर गाडी बंद करून खाली उतरला होता, आणि खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हात मला डुलकी लागत होती. फोन रघुभाऊंच्या शेजाऱ्यांचा होता. रघुभाऊ गेले, म्हणाले. सकाळी अंघोळ करून खुर्चीत बसले होते, वहिनी नाश्त्याला बोलवायला आल्या तेव्हा... पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. फोन ठेवला आणि समोरच्या टेम्पोच्या जाळीतून दिसणाऱ्या लाल कांद्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो. त्या वेळी मनात पहिल्यांदा जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. दुःख नंतर झालं. आधी वाटलं, सुटलो. आता त्यांना ते सांगावं लागणार नाही.

याला सहा आठवडे झाले. सुटल्यासारखं त्यानंतर एकदाही वाटलेलं नाही.

रघुभाऊ मूळचे नांदगाव तालुक्यातले. मिसरूड फुटायच्या वयात नाशिकला आले, सातपूरच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले आणि तिथल्याच टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारं जिथे बनतात त्या विभागातून, निवृत्त झाले. दोन पत्र्यांतल्या जाडीचा फरक ते नुसता अंगठा फिरवून सांगायचे. मग मायक्रोमीटर लावून पाहिलं की आकडा तोच निघायचा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जराही नवल नसायचं. मी सिडकोत त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. सरकारी कचेरीत कारकून, वयानं त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. आमची ओळख झाली ती बंद पडलेल्या मिक्सरवरून. त्यांनी तो उघडला, आत डोकावले आणि म्हणाले, "साहेब, मिक्सर चांगला हाय. चालवणारा तेवढा बदला." चेष्टेत असले की ते मला साहेब म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. मनातलं बोलायचं असलं की अविनाश, आणि अरेतुरे.

ती मोटरसायकल त्यांना दिंडोरीकडे सापडली. एका द्राक्षबागाईतदाराचा फवारणीचा पंप दुरुस्त करायला गेले होते. पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात रिकाम्या क्रेटच्या ढिगाखाली एक उंच मडगार्ड दिसलं. मालकाच्या मुलाने कधीतरी हौसेने सेकंडहँड घेतलेली, खडकाळ मैदानातल्या शर्यतींची जुनी टू-स्ट्रोक गाडी. मुलगा परदेशी गेला, इंजिन जॅम झालं आणि गाडीवर क्रेट रचले गेले. रघुभाऊंनी ती जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली, निम्मे पैसे माझ्याकडून घेतले आणि मला विचारलं नाही. मी तेव्हा फक्त स्कूटर चालवत होतो. कशासाठी घेतली, मी विचारलं. त्यांनी सांगितलं, की शिकाऊ असताना रविवारी ते भिंतीवर चढून असल्या शर्यती पाहायचे. तिकिटाला पैसे नसायचे. गाड्या उडायच्या त्या त्यांना तितक्याशा आठवत नव्हत्या. आवाज आठवत होता. "तसलं एक इंजिन आपल्या हातानं बोलतं करायचं," म्हणाले, "बस. मग इकून टाकू."

त्यांच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. तिथले ते सगळे रविवार मला आता एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली येत, त्यात धूळ हलत नसल्यासारखी हलत असे, रॉकेल आणि ऑइलचा वास दोरीवरच्या कपड्यांच्या वासात मिसळत असे, आणि दूर पांडवलेण्यांचा डोंगर उन्हात विरघळल्यासारखा दिसे. आम्ही दोन-दोन तास बोलत नसू. खर्च करायचा नाही हे ठरलेलंच होतं, त्यामुळे विकत फक्त पिस्टनचा संच घेतला. तोही जुन्यापेक्षा किंचित मोठ्या मापाचा, मुंबईहून मागवलेला, तीन आठवड्यांनी आलेला. ऑइल सील पंपाच्या दुकानातून. दोन भागांच्या सांध्यात बसणारं गॅस्केट त्यांनी कागदाच्या एका तावातून काढलं. ताव धातूच्या तोंडावर ठेवून कडेकडेने हातोडीने हलकं ठोकत गेले, आणि कागद आपोआप त्या आकाराचा होऊन सुटला. सिलिंडर अंबडला एका जुन्या सहकाऱ्याच्या मशीनवर आतून मोठा करून आणला आणि आतली शेवटची घासाई त्यांनी हाताने केली. बेअरिंग बसवायच्या आदल्या दिवशी ती फ्रिजमध्ये ठेवली होती, थंडीने आक्रसावीत म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी क्रँककेस, म्हणजे ती ज्यात बसतात ते इंजिनाचं कवच, फुगावं म्हणून चपातीच्या तव्यावर गरम केलं. सुमनवहिनींनी मला स्वयंपाकघरात नेऊन बर्फाच्या कप्प्यात मटारांशेजारी पडलेली बेअरिंग दाखवली होती. संतापायचं की हसायचं ते त्यांचं ठरत नव्हतं. "उद्या मला तव्यावर लोखंडाचं धिरडं वाढतील," म्हणाल्या.

कामाचा त्यांचा एक नियम होता. टूलरूमचाच असावा. ज्या हाताने भाग उघडला त्याच हाताने तो बसवायचा. हाताला आठवतं, म्हणायचे, डोक्याला नाय. म्हणून मी फक्त धुवायचो, पुसायचो आणि हातात द्यायचो. सगळं इंजिन त्यांनीच उघडलं होतं.

पिस्टन बसवायचा तो रविवार. पिस्टनमधून एक आडवी पिन जाते आणि ती बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना खाचेत तारेची एकेक छोटी कडी बसवतात. मेकॅनिक लोक तिला लॉक म्हणतात. संचाबरोबर दोन नवी लॉक आली होती. रघुभाऊंनी एका बाजूचं बसवलं, पिन सरकवली, आणि तेवढ्यात वहिनींनी खालून हाक मारली, गॅसवाला आलाय, सिलिंडर आत घ्यायचाय. ते हात पुसत खाली गेले. मी एकटाच राहिलो, समोर तो पांढरा चकचकीत पिस्टन... इतक्या महिन्यांत त्या इंजिनात माझ्या हाताने बसवलेला एकही भाग नव्हता. मला वाटलं, एवढं एक लॉक आपण बसवावं. चिमटा घेतला, लॉक दाबलं, आणि ते टिंग करून उडालं. गच्चीवर पाणी जायच्या भोकाच्या बाजूला कुठेतरी वाजलं आणि दिसेनासं झालं.

मी गुडघ्यांवर शोधलं. पायऱ्यांवर त्यांच्या चपला वाजल्या. तीन आठवडे वाट पाहून आलेला संच, आणि नियम मोडणारा मी. जुने भाग ठेवलेल्या डब्यातून जुनं लॉक काढलं आणि बसवलं. ते एकदम सहज बसलं. नवं लॉक सहज बसत नाही, त्याला ताण असतो, हे त्यांनीच मला सांगितलेलं होतं. ते आत आले, पिस्टन हातात घेतला, क्षणभर थबकले.

"दोन्ही बसवली होती का मी?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "तुम्हीच बसवलीत."

ते मान हलवून इंजिनाचा सिलिंडर पिस्टनवर बसवायला लागले. इतकंच झालं. पाच शब्दही नाहीत.

त्यानंतर एका सकाळी आम्ही गाडी टेम्पोत घालून दिंडोरीकडे नेली. त्याच बागाईतदाराच्या रिकाम्या पडीक वावरात. दोन्ही बाजूंना छाटणी झालेल्या बागा होत्या आणि वाऱ्यात फवाऱ्याचा आंबूस वास. चौथ्या किकला इंजिन सुरू झालं. तो आवाज मी काय सांगू... रघुभाऊंनी डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले, कानाशी कोणी काही सांगत असल्यासारखे. मग एकसष्ट वर्षांचे ते, पॅन्ट मोज्यात खोचून, गाडीवर बसले. मागे निळसर धुराची एक रेघ राहायची, ती विरायच्या आत ते वळून परत यायचे. दरवेळी मला हात करायचे. बागेतल्या बायका काम थांबवून पाहत होत्या. मला त्या दहा मिनिटांत आपण काय केलंय याचा पूर्ण विसर पडला होता. मग एक वेडावाकडा खडखडाट झाला आणि मागचं चाक जागीच जाम झालं. ते मऊ मातीत पडले, हसत उठले. लागलं नव्हतं.

हसणं थांबलं ते गच्चीवर, इंजिन उघडल्यावर. सिलिंडरच्या आत एक खोल ओरखडा होता, नखाएवढा रुंद. लॉकचे दोन तुकडे निघाले, घासून घासून चकचकीत झालेले. नवं होतं की जुनं काही कळत नव्हतं. रघुभाऊंनी ते तळहातावर घेतले. बोटाने फिरवून पाहिले.

"दुसऱ्या बाजूचं," ते म्हणाले. "बसलंच नव्हतं ते." मग माझ्याकडे न पाहता, "बसवल्याचं आठवतबी नाय मला. अविनाश, हात गेले माझे."

मी त्यांच्या अगदी जवळ बसलो होतो. म्हणालो, "होतं असं कधीकधी, रघुभाऊ."

त्यानंतर त्यांनी वरची खोली बंद केली. मायक्रोमीटर आणि चांगली हत्यारं अंबडच्या सहकाऱ्याला देऊन टाकली. कॉलनीतले लोक पंखे, मिक्सर, शिलाई मशीन घेऊन यायचे, त्यांना ते दारातूनच सांगायचे, आता नाय होत. लोक काही दिवस हळहळले. मग रघुभाऊंचे हात गेले हे सगळ्यांना माहीत झालं आणि येणं थांबलं. मी मात्र जात राहिलो. दर रविवारी, तीन वर्षं. जाताना ठरवायचो, आज सांगायचं. त्यांच्या दाराशी चप्पल काढेपर्यंत वाक्य तयार असायचं. आत टीव्ही चालू असायचा, ते त्याच्याकडे पाहत असायचे, आणि माझं वाक्य कुठेतरी जायचं... वेळ जितका गेला तितकं ते वाक्य लांब होत गेलं. आधी फक्त लॉकबद्दल सांगायचं होतं. मग इतके दिवस का सांगितलं नाही तेही सांगावं लागणार होतं.

एकदा आम्ही पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बाकावर बसलो होतो. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि विचारलं, थरथरतात का रे? मी पाहिलं. हात दगडासारखे स्थिर होते. नाही, म्हणालो, अजिबात नाही. ते हसले. "तू नायच म्हणणार. मित्र हायेस." त्या हातांबद्दल त्यांची खात्री पटेल असा एकच पुरावा होता आणि तो माझ्या तोंडात होता. मी समोरचा रस्ता पाहत बसलो.

दिवस-कार्य झाल्यावर एका दुपारी मी सुमनवहिनींकडे गेलो. त्या त्यांचे शर्ट द्यायला म्हणून घडी घालून ठेवत होत्या. मी सगळं सांगितलं, गॅसवाल्यापासून. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही, घड्या घालत राहिल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. खरं सांगायचं तर जाऊ द्या हे ऐकायलाच मी गेलो होतो.

"तीन वर्षं ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे," त्या म्हणाल्या. "सांडेल म्हणून. एकदाही सांडला नाही."

त्यांनी पुढचा शर्ट उचलला.

"तुम्ही सांगितलं असतंत, तर दोन दिवस शिव्या घातल्या असत्या तुम्हाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा वर चढले असते." शेवटचा शर्ट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि भावजी, मला कशाला सांगताय? माझ्याकडून काय पाहिजे तुम्हाला? ज्यांना त्यांनी दारातून परत पाठवलं त्यांना सांगा. बाहेर सगळ्यांना वाटतं, त्यांचे हात गेले होते."

म्हणून कॉलनीत घरोघरी गेलो. अंबडलाही गेलो. तिथे त्यांच्या सहकाऱ्याने ऐकून घेतलं आणि मला बसायलाही सांगितलं नाही. आणि जे उरले, ज्यांना मी ओळखत नाही पण ज्यांनी कधी रघुभाऊंकडून काही दुरुस्त करून घेतलं असेल, त्यांच्यासाठी हे इथे लिहितो आहे. त्या इंजिनातलं दुसऱ्या बाजूचं लॉक मी बसवलं होतं. जुनं होतं, मला माहीत होतं. त्यांनी बसवलेला एकही भाग हलला नव्हता.

त्या दुपारी निघताना वहिनींनी वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मी परवा ती खोली उघडली. सिलिंडर खिडकीच्या कट्ट्यावर होता, फडक्यात गुंडाळलेला. तो उजेडाकडे धरून आत पाहिलं. ओरखडा तसाच आहे, वरपासून खालपर्यंत. पण त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे काही लागलेलं नाही तिथे, त्यांनी हाताने घासताना उमटलेल्या तिरप्या बारीक रेषा अजून दिसतात. एक या बाजूने, एक त्या बाजूने, एकमेकींना कापत गेलेल्या, ऑइल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम काढलेल्या. मी आत बोट घालून फिरवलं. सगळ्या रेषा सारख्या अंतरावर आहेत. कुठेही हात थरथरलेला नाही.