नवसागराचं सरबत

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आम्ही डोंबिवलीत राहायचो. मागच्या दारी भातखाचरं, पुढच्या दारी वडिलांचे विद्यार्थी. वडील हायस्कुलात शास्त्र शिकवायचे आणि एका वाक्यावर त्यांची फार श्रद्धा होती: जी क्रिया आपोआप घडते, तिच्यातून उष्णता बाहेर पडते. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी कसं तापतं, हे त्यांनी पोरांच्या दोन पिढ्यांना दाखवलं होतं.

एके दिवशी जेवताना मी म्हटलं, "बाबा, तो नियम आता मोडीत निघालाय."

"कोणी काढला?"

"एन्ट्रॉपीनं."

"तुझ्या वर्गात आहे का ती?" आईनं भात वाढता वाढता विचारलं.

मी समजावून सांगितलं. मिठासारख्या पदार्थाचे कण खड्यात ओळीनं बसलेले असतात. पाण्यात ते मोकळे सुटतात, विस्कटतात. या विस्कटण्याचा हिशेब म्हणजे एन्ट्रॉपी. लागणाऱ्या उष्णतेतून तापमान गुणिले एन्ट्रॉपीतली वाढ वजा केली आणि उत्तर उणे आलं, म्हणजेच फ्री एनर्जी घटली, की क्रिया आपोआप घडते. मग तिला उष्णता बाहेरून शोषून घ्यावी लागली तरी बेहत्तर.

"उणे दिसलं की मी पोरांचे मार्क कापतो," वडील म्हणाले, "आणि तुमचं जग त्याच्यावर चालतं?"

मी कल्हईवाल्याकडून नवसागर, म्हणजे भांड्यांच्या कल्हईला लागणारा पांढरा क्षार, आणला. हाताशी आलं ते आंघोळीचं तांब्याचं घंगाळ. त्यात पाणी घेऊन मी नवसागर ओतला आणि ढवळलं. वडिलांनी हात घातला आणि विंचू चावल्यासारखा बाहेर काढला.

"पाणी आधीच गार असेल."

मी साधं पाणी दुसऱ्या भांड्यात दिलं. त्यांनी एक हात इकडे, एक हात तिकडे बुडवला आणि बराच वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "विस्तव नाही, बर्फ नाही. आपलं आपणच!" घंगाळाला बाहेरून घाम फुटला होता.

पाणी टाकून द्यायचं कोणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी घंगाळ आतून निळं-हिरवं झालेलं पाहून आईनं एन्ट्रॉपीचं नाव घरात काढायला बंदी केली.

पण वडील आता कोणाचं ऐकणार नव्हते. इतकी वर्षं जे चुकीचं शिकवलं त्याचं त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांना झाला तो निव्वळ आनंद. ताक, पन्हं, दाढीचं पाणी, जे सापडेल ते ते लोखंडी बादलीत नवसागराच्या पाण्यात गार करायला ठेवू लागले.

मे महिन्यात मला बघायला कल्याणचं एक स्थळ आलं. मुलगा ठाकुर्लीच्या वीजघरात नोकरीला. आईवडिलांमागे त्याला आत्यानं वाढवलेलं, म्हणून आत्याच बरोबर आल्या. आईनं सांगूनही वडिलांनी बर्फ आणला नाही. कोकम सरबताची बरणी त्यांनी बादलीत ठेवली आणि लाकडी पळीनं पाणी ढवळत बसले.

मी ट्रे नेऊन पेले दिले, नमस्कार केला आणि आणखी सरबत आणायला आत आले, तर वडील बादली ढवळत होते. मग तीच पळी त्यांनी न धुता बरणीत घातली आणि सरबत ढवळलं.

"बाबा, मघाशीही असंच केलंत?"

"अगं, वरचं आणि खालचं सारखं गार व्हायला नको?"

मी धावत बाहेर गेले. "पिऊ नका!"

आत्यांचा पेला निम्मा झाला होता. "का? काय घातलंय त्यात?"

"नवसागर."

"कल्हईचा?"

"हो. थोडासाच."

"अहो, आम्ही माणसं आहोत," आत्या म्हणाल्या, "भांडी नव्हे."

आई दारात येऊन म्हणाली, "तिला स्वयंपाक उत्तम येतो. सरबत ह्यांनी केलंय."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "पण बर्फाशिवाय एवढं गार केलंत कसं?"

झालं! वडील बादली घेऊनच बाहेर आले. त्यानं बाही सरसावून हात बुडवला. नवसागराचा पुडा आला, एन्ट्रॉपी आली, उणे चिन्ह आलं. वडील अडखळले की माझ्याकडे बघायचे आणि मी पुढचं सांगायचे. मान खाली घालून बसायचं असतं, हे मी विसरूनच गेले.

"कोळसा जळणं हेही आपोआप घडणाऱ्यातलंच ना?" त्यानं मला विचारलं. "मग आमच्या आवारातले ढीग नुसते पडून का राहतात?"

"उतार कुठल्या बाजूला आहे तेवढंच फ्री एनर्जी सांगते," मी म्हटलं. "कधी निघायचं ते सांगत नाही."

"आपणही कधी निघायचं ते ठरवू या," आत्या म्हणाल्या आणि उठल्या.

दोन-तीन दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलगी बरी आहे, पण त्या घरात काही तोंडात घालायची भीती वाटते, असं आत्यांचं म्हणणं होतं. आई रडली. वडिलांनी बादली मोरीत उपडी घालून ठेवली. मला वाटलं होतं त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि ते त्या मुलापायी वाटलं, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

रविवारी दुपारी दार वाजलं. दारात तो एकटाच, हातात कागदात गुंडाळलेला लांब थर्मामीटर. "नुसता हात घालून काय कळणार," तो वडिलांना म्हणाला. "म्हटलं, नीट मोजू या."

वडील बादली आणायला पळाले. आईनं मला आत ओढून चांगलं पातळ नेसायला लावलं. मी म्हटलं, "अगं, तो पाण्याचं तापमान बघायला आलाय."

"हो का?" आई म्हणाली. "मग मघापासून स्वयंपाकघराच्या दाराकडे कशाला बघतोय?"

पुढचे चार-पाच रविवार तो येत राहिला. सोरा झाला, साखर झाली, पापडखार झाला; एकेक पाण्यात विरघळवून तापमान मोजून झालं. शेवटी आत्याच एकदा त्याच्या मागोमाग आल्या, खुर्चीत टेकल्या आणि पाणीसुद्धा न घेता आईला म्हणाल्या, "तारीख काढा. ह्याच्या रविवारच्या फेऱ्या मला बघवत नाहीत."