जिन्यातला पहिला वर्ग

परवा सुनेनं मांजरपाटाचा नवा तागा सोडला, खळीचा वास आला आणि मी थेट दिलसुखनगरच्या एका जिन्यात जाऊन पोचले.

तेव्हा यांचा कारखाना नुकताच बंद पडला होता. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालापुढे तो टिकला नाही. मी अंबरपेठेहून चिंध्यांचं गाठोडं घेऊन वस्त्यावस्त्यांत गोधडी शिकवायला निघाले. दिलसुखनगरचा तो पहिलाच वर्ग होता. गाठोडं बघून कंडक्टरनं बसमध्ये घेतलंच नाही, म्हणून उन्हातून चालत गेले. उशिरा पोचले तर वर्गासाठी ठरवलेल्या माडीवरच्या हॉलला कुलूप, आणि वाट बघून पाच-सहा बायका जिना उतरत होत्या.

"टाइम हो गया, टीचर. अब नक्को," पुढची म्हणाली.

मी जिन्यातच गाठोडं सोडलं, पायरीवर कापड अंथरलं आणि सुईत दोरा ओवला. "बैठो. एक लाइन सिखाए बगैर मैं नहीं जाती."

कोणी हललं नाही. मी मान खाली घालून टाके घालत राहिले. मग एक म्हातारी तेलुगू बाई शेजारी टेकली. कापडावरून हात फिरवत म्हणाली, "बोंता. हमारी अम्मा बनाती थी." बोंता म्हणजे त्यांच्याकडची गोधडीच. हळूहळू बाकीच्याही बसल्या.

तो वर्ग पुढे चार वर्षं चालला. माझ्या जिद्दीनं तो मिळाला, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. खरं तर परत चालत जायचं बळच माझ्यात उरलं नव्हतं. घरचा स्वयंपाक तसाच ठेवून त्या बायका एका अनोळखी बाईसाठी पायऱ्यांवर बसल्या. निम्मी जिद्द त्यांचीच होती.