ताकदीची बाटली

परभणीच्या डॉक्टरांनी वडिलांना माझ्याबद्दल समजावलं होतं, की मेंदूच्या पेशींना ऊर्जा कमी पडली तरी माणसांची भीती वाटू शकते, हिला रागावू नका. वडिलांना सोयीचं तेवढंच ऐकू यायचं. मला बघायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी ताकदीसाठी त्यांनी मला बोरीच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. तरी पोह्यांची ताटली हातात थरथरलीच. हातावरची चिकटपट्टी बघून पाहुणे चहा न घेताच उठले.

"अख्खी बाटली चढवली, तरी चार माणसांत बसता येईना का तुला?" वडील ओरडले.

आता म्हातारपणी दारात कुणी आलं, की त्यांचेच हात थरथरतात. मी रागावत नाही. डॉक्टरांचं मी पूर्ण ऐकलं होतं. मी त्यांना फक्त सलाईन लावायला नेते.