एकवीस नंबरचं अर्धं चित्र

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वय छत्तीस झालं, केसांत पांढरं दिसू लागलं, तरी ती धाकटीच. दादा तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेल्यावर दादानं स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि हिचं पूर्ण केलं. संगणकाच्या वर्गाला घातलं त्यानंच. पुढे तो कामाला होता त्याच कचेरीत तिला चिकटवलं, तेही त्यानंच. कचेरी विम्याच्या जुन्या, हातानं भरलेल्या अर्जांची. कागदांचे फोटो पडद्याच्या डाव्या बाजूला, रिकामा तक्ता उजव्या बाजूला, आणि खालच्या मजल्यावर चौतीस माणसं दिवसभर डावीकडचं वाचून उजवीकडे टाइप करत बसलेली. दादा त्यांच्यात सगळ्यांत जुना. धाकटी वरच्या मजल्यावर. कचेरीला लागतील ते प्रोग्रॅम लिहायचे, हे तिचं काम.

एका सोमवारी साहेबांनी तिला बोलावून नवं काम सांगितलं. प्रत्येक संगणकात गुपचूप चालणारा एक प्रोग्रॅम हवा होता. दर तीन मिनिटांनी त्यानं अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढायचा, त्यावर वेळ आणि नंबर टाकायचा आणि साहेबांच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचा. कोण काम करतं आणि कोण टिवल्याबावल्या करतं, ते त्यांना बघायचं होतं. धाकटीला ते फारसं रुचलं नाही. वरून आलेलं काम, त्यात आपण कोण नाही म्हणणार, अशी तिनं मनाची समजूत घातली. आणि खरं सांगायचं तर एकदा लिहायला बसल्यावर तिला त्यात गोडी वाटू लागली. तिचा स्वभावच तसा होता. हातात आलेलं काम नीट झाल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

अकरा दिवसांत प्रोग्रॅम उभा राहिला. दोन स्क्रीन जोडलेल्या संगणकांवर एकाचाच फोटो येत होता, ते तिनं सुधारलं. फोटो इतके जड होत होते की फोल्डर दोन दिवसांत भरलं असतं, तर ते हलके केले. मग तो चौतीसही संगणकांत बसवला. तेहतीस ठिकाणांहून फोटो व्यवस्थित येऊ लागले. एकवीस नंबरचं चित्र मात्र कापलेलं यायचं. वरचा डावा कोपरा तेवढा दिसायचा, त्यात एक निळी पट्टी आणि खाली करडा रिकामा भाग. बाकीचा स्क्रीन गायब.

साहेब म्हणाले, एकाचं राहिलं तर राहू द्या, नंतर बघू. तिथंच तिनं ऐकलं असतं तर. पण तिला ते अर्धं चित्र दाताखाली आलेल्या खड्यासारखं टोचत राहिलं. सकाळपासून तिनं डोकं घातलं तेव्हा दुपारी कारण सापडलं. ज्या संगणकावर अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात, तिथं प्रोग्रॅमला स्क्रीन असतो त्यापेक्षा लहान सांगितला जातो, आणि तो बिचारा तेवढाच तुकडा टिपतो. सुरुवातीलाच एक ओळ टाकून खरं माप मागायचं, की झालं. कुणीतरी अक्षरं मोठी केली असतील, एवढं तिच्या मनात आलं. कुणी आणि कशासाठी, हे आलं नाही. पंधरवड्यापूर्वी खाली सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या, त्यामुळे एकवीस नंबरवर कोण बसतं हे तिला ठाऊकही नव्हतं.

तिनं ओळ टाकली, तीन मिनिटं वाट पाहिली आणि फोटो उघडला.

या वेळी स्क्रीन पूर्ण होता. त्या अख्ख्या स्क्रीनवर दोनच शब्द होते, आणि तिसऱ्याचा अर्धा. एकेक अक्षर तळहाताएवढं. खालच्या कोपऱ्यात, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दादाच्या नावाची सुरुवात.

ती जिना उतरून खाली गेली आणि काहीतरी निमित्त काढून त्याला बाहेर पाण्याच्या टाकीपाशी घेऊन आली. तिनं विचारल्यावर दादानं आढेवेढे घेतले नाहीत.

"दीड वर्ष झालं," तो म्हणाला. "नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेनं दिसतं. तू आत्ता समोर आहेस ना, तुझे कान दिसतात मला. चेहरा नाही."

"आणि वहिनीला?"

"तिला नाही सांगितलं. तूही सांगायचं नाहीस."

डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हे आता परत यायचं नाही, आहे ते जितकं टिकेल तितकं. दादा सगळ्यांच्या आधी तासभर येत होता, जेवणाच्या सुट्टीत बसत होता, आणि दोन दोन शब्द सरकवत दिवसाचे अर्ज पुरे करत होता. वहिनीला वाटे, बढती मिळणार म्हणून नवरा जीव तोडतोय.

धाकटी म्हणाली, मी तुझा नंबर प्रोग्रॅममधून वगळते, कुणाला कळणार नाही. दादानं मान हलवली. "तुझ्यावर येईल ते. राहू दे." पण ती वर गेली आणि तिनं वगळलाच. एकवीसचे आधी आलेले सगळे फोटोही तिनं फोल्डरमधून काढून टाकले.

चौथ्या दिवशी साहेबांनी एकवीसचं फोल्डर रिकामं का, म्हणून विचारलं. संगणकातच काहीतरी बिघाड असेल, असं ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही. करायला गेली एक आणि झालं भलतंच. साहेबांनी तिच्यासमोरच फोन उचलला आणि दुरुस्तीवाल्याला खाली पाठवलं. तो गडी मनानं वाईट नव्हता. दादाला उठवून तो खुर्चीवर बसला, स्क्रीनकडे बघून हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की हे तर समोरच्या बसथांब्यावरूनही वाचता येईल. चारजण हसले. मग हसायचे थांबले, कारण दादा हसला नव्हता आणि त्याची बोटं खुर्चीची पाठ चाचपडत होती.

साहेबांच्या कानावर गेलं, पण त्यांनी आरडाओरडा केला नाही. आठवडाभर बघू, म्हणाले. एकवीस नंबर परत घ्या, एवढंच त्यांनी धाकटीला सांगितलं. नंबर वगळायला तिनं घातलेली ओळ तिनंच पुसली. खोटं का बोललात, हे त्यांनी विचारलं नाही. दोघांचं आडनाव एकच होतं.

त्या आठवड्याचे सगळे फोटो तिनं बघितले, एकही न सोडता. दर तीन मिनिटांनी एक. इतरांच्या फोटोंत मधूनच क्रिकेटचा स्कोअर असे, साड्यांची दुकानं असत, रिकामा स्क्रीन असे. दादाच्या प्रत्येक फोटोत फक्त काम. जेवणाच्या सुट्टीतही तेच, दोन शब्द आणि तिसऱ्याचा अर्धा. ते घेऊन ती शुक्रवारी साहेबांकडे गेली. असा कामाचा माणूस तुमच्याकडे दुसरा नाही, हे त्यांना दाखवायचं होतं तिला.

"एकही फोटो रिकामा नाही, साहेब. तुम्हीच बघा."

साहेबांनी बघितले. मग त्यांनी स्वतः बाजूला काढलेले दोन फोटो उघडले. एकात कागदावरची जन्मतारीख, दुसऱ्यात दादानं टाइप केलेली. कागदावर तीन होता, टाइप केलेला आठ. असे त्यांना आठवड्यात सहा सापडले होते.

"तुमचा प्रोग्रॅम नसता तर हे मला कधीच कळलं नसतं," ते म्हणाले. यात टोमणा नव्हता. ते तिचं कौतुकच करत होते, आणि तेच तिला सोसवेना. विम्याचे कागद आहेत, एका आकड्यानं कुणाची विधवा उपाशी राहील, असंही ते म्हणाले. बोलणं खरं होतं.

महिना संपला तसा दादा घरी बसला. निरोपाला सहकाऱ्यांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. अंदाजानं हात लांब करून त्यानं ते घेतलं आणि सुंदर आहे, म्हणाला.

वहिनीला मग सगळंच कळलं. ती धाकटीवर चिडली नाही, भांडली नाही. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून ती हिला "अगं धाकटे" म्हणत होती, वेणीफणीसुद्धा तिनं केली होती हिची. त्या दिवसानंतर ती म्हणायला लागली, "या वन्सं, बसा. तुम्ही चहा घेणार ना?" चहा नेहमीसारखाच चांगला असे. धाकटी एकदा म्हणाली, वहिनी, तू मला शिव्या दे. वहिनीनं कप उचलले आणि ती आत गेली.

धाकटीनं नोकरी सोडली नाही. आता तिचं आणि दादाचं, दोन्ही घरं तिच्यावर होती. साहेबांनी तो प्रोग्रॅम आणखी दोन कचेऱ्यांना दिला आणि बसवायला तिलाच पाठवलं. नवीन संगणकांवर एकही चित्र कापलेलं येत नव्हतं.

दोन महिने सुट्टीच्या दिवशी बसून तिनं दादासाठी एक वेगळा प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा. असे प्रोग्रॅम बाजारात असतात, पण तिला तो आपल्या हातानं करायचा होता. रविवारी सकाळी ती तो घेऊन गेली. दादाला खुर्चीवर बसवलं, त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं. यंत्राचा आवाज बातमी वाचू लागला. पाहुणा परक्या घरचं कौतुक ऐकतो तसा दादा ताठ बसून ऐकत राहिला. दहा मिनिटांनी त्यानं चाचपून आवाज बंद केला.

"छान झालंय," तो म्हणाला. "खूप मेहनत घेतलीस."

"रोज लावशील ना?"

"लावेन की."

पुढच्या रविवारी ती गेली तेव्हा संगणकावर घड्या केलेल्या चादरी ठेवल्या होत्या. दादा खिडकीशी बसला होता, चेहरा बाहेर आणि नजर किंचित बाजूला. तिची चाहूल लागली तसा तो म्हणाला, "कोण, धाकटी का?" ती हो म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसली. तो कडेनं तिच्याकडे बघत होता. आता त्याला तिचे कान तरी दिसतात का, हे विचारायचा धीर तिला झाला नाही.