बंद फ्लॅटचे नळ

लग्नासाठी समोर बसलेल्या मुलाला तुम्ही आधी काय विचारता: तू माणूस कसा आहेस, की तुझा फ्लॅट कुठे आहे?

"मंग पोरगी कोन्या शिफ्टले झोपन तिथं?"

मुलीच्या मोठ्या मामांनी हे मला विचारलं. केळापूरला, त्यांच्या बैठकीत, दहा-बारा माणसांसमोर. सगळे हसले. मुलगी दाराशी उभी होती. माझी माय शेजारी बसली होती. दोघींनीही ऐकलं.

मी उठलो नाही. हातात पोह्यांची बशी होती. ती धरून बसून राहिलो.

कसं झालं ते सांगतो.

मी बाभुळगावचा. आयटीआय करून पुण्याला गेलो. एका मोठ्या सोसायटीत देखभालीचं काम करतो. पंप, दिवे, गळती. आणि आणखी एक काम. त्या सोसायटीत कितीतरी फ्लॅट बंद आहेत. मालकांनी घेतले, कुलूप लावलं, निघून गेले. घर बंद राहिलं की बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटतं. गटाराचा वास वर येतो. झुरळं येतात. म्हणून दर सोमवारी मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारोदार फिरतो. नळ सोडायचा. पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं. बंद करायचं. पुढचं दार.

तीन-तीन खोल्या. बाल्कनीत ऊन. माणूस एक नाही.

आणि मी राहतो खाटेवर. खरंच, भाडं एका खाटेचंच देतो. दोन खोल्यांत नऊ जण. दिवसा माझ्याच खाटेवर ढाणकी गावचा एक जण झोपतो, त्याला रात्रपाळी असते. मी आलो की तो उठतो. गादी गरमच असते. माझ्या पगारात पुण्यात स्वतःचं दार असलेली खोली बसत नाही. कधी बसेल, हा हिशेब मी सोडून दिला.

मायला यातलं काही सांगितलं नव्हतं. एकदा ती फोनवर म्हणाली, "राहतो कुठं ते तं दाखव, बाबू." तो सोमवार होता. मी एका बंद फ्लॅटमध्ये उभा होतो. मोबाईल काढला. हॉल, ओटा, बाल्कनी, सगळं फिरून घेतलं आणि व्हिडिओ पाठवून दिला. माझं घर आहे असं म्हणालो नाही. माझं नाही, असंही म्हणालो नाही.

मायनं तो अख्ख्या गल्लीला दाखवला. त्या व्हिडिओवरच हे स्थळ आलं.

केळापूरला मायचा फोन हातोहात फिरला. "वा, जवाईबापू!" मामा म्हणाले. लग्न ठरल्यातच जमा होतं. मग मुलीनं फोन मागितला. नीट पाहिला. आणि मला विचारलं, "ओट्यावर एकबी भांडं नाही. तुमी चहा कायच्यात करता?"

टोमणा नव्हता. तिला त्या घरात राहायला जायचं होतं, म्हणून विचारत होती.

मायनं माझ्याकडे पाहिलं. भांडी पुढच्या महिन्यात घेऊ, एवढंच मी म्हणायचं होतं. म्हणता येत होतं. पण ही बाई जन्मभर माझ्यासोबत राहणार, आणि पहिलंच उत्तर खोटं द्यायचं? मी म्हणालो, "ते घर माझं नाही. मी तिथं नळ सोडतो." मग खाटेचं सांगितलं. ढाणकीच्या माणसाचंही सांगितलं.

तेव्हा मामांनी तो प्रश्न विचारला.

लहानपणी मी घरांसाठी निघणाऱ्या मोर्च्यांत पत्रकं वाटली आहेत. घर हा माणसाचा हक्क आहे, हे वाक्य मला पाठ आहे. त्या बैठकीत ते ओठांवर आलं नाही.

मामा खुशीत आले. "आमचे दोन फ्लॅट हायेत पुण्यात. बंदच ठेवले. भाडेकरू ठेवला का भिंतीले खिळे ठोकते. राहू द्या म्हटलं, भाव वाढून राह्यला." मग माझ्या पाठीवर थाप मारली. "आमचेबी नळ सोडत जा ना, बापू. चहापाण्याचं पाहून घेऊ. लय वास येते म्हने तिथं."

"नाही," मी म्हणालो. "येऊ द्या वास."

मामांनी माझ्या पाठीवरचा हात काढला.

"काय म्हटलं?"

"तुमचे नळ मी नाही सोडणार. घरात मानसं ठेवा. वास जाईन."

"उठा," मामा म्हणाले.

आम्ही उठलो. मुलगी तोवर आत गेली होती. तिला काय वाटलं ते मला कधीच कळलं नाही.

बाभुळगावला एसटीतून उतरल्यावर माय म्हणाली, "काहून खरं बोलला रे? भांडे म्या आणून देल्ले असते."



त्या मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं. मी पुण्याला परत आलो. सोमवारी पुन्हा जुडगा उचलला. काम सोडलं तर खाट जाते. रिकाम्या घरात पाणी वाहत होतं, मी बाजूला उभा होतो, आणि माझ्याच्यानं काहीच होण्यासारखं नव्हतं. आजही नाही.

पण एक ठरलं. खाटेची लाज मी त्या बैठकीत ठेवून आलो, ती परत घेणार नाही. खोटं घर कोणालाही दाखवणार नाही. पुढच्या बैठकीत आधी खाट सांगेन, मग नाव. आणि ज्याच्या घराला कुलूप आहे त्याला चार लोकांत विचारेन, कोणाच्या डोक्यावरचं छप्पर कोंडून ठेवलंत?

तुमच्याही नात्यात कोणाचा तरी असा बंद फ्लॅट आहे. कदाचित तुमचाच. आज त्या माणसाला फोन लावा. भाव विचारू नका. सांगा, कुलूप काढ, आणि कमावणाऱ्या माणसाला झेपेल अशा भाड्यात ते घर दे. तो हसेल.

पुन्हा लावा.